बार्टन हॉलची रात्र : न विकलेल्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एक राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवही आहे. देशाच्या सांस्कृतिक स्मृतीत कायम राहावीत अशी पंचवीस ध्वनिमुद्रणे दरवर्षी तीत दाखल होतात. २०११ या वर्षाची यादी मे २०१२ मध्ये जाहीर झाली. एडिसनच्या बोलक्या बाहुलीसाठी १८८८ साली कोरलेली नळी तिच्यात होती आणि प्रिन्स या गायकाचा १९८४ चा गाजलेला अल्बमही होता. त्यांच्याच जोडीला एक विलक्षण नोंद होती : ग्रेटफुल डेड या बँडचा कार्यक्रम, बार्टन हॉल, कॉर्नेल विद्यापीठ, ८ मे १९७७.

विलक्षण अशासाठी की हे ध्वनिमुद्रण तोवर कोणत्याही कंपनीने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेले नव्हते. दुकानात ते मिळत नव्हते आणि खपाचा आकडाही त्याला नव्हता. तरीही अमेरिकेतल्या लक्षावधी घरांत ते पोहोचले होते. कोणीतरी कोणाला तरी कॅसेट करून दिली, त्याने पुढच्याला दिली, असे पस्तीस वर्षे चालू होते. सरकारी ग्रंथालयाने या नोंदीद्वारे वादकांच्या कामगिरीवर शिक्कामोर्तब केलेच, पण रसिकांच्या देवघेवीवरही केले.

पुण्या-मुंबईतल्या गाण्याच्या मैफलींच्या खासगी ध्वनिफितींची नोंद करण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो आहे. ते करताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. मैफल संपली की ती कोणाची? गाणाऱ्याची, ती भरवणाऱ्याची, टेप करणाऱ्याची, की ती टेप जपणाऱ्याची? या प्रश्नाचे सर्वांत मोठ्या प्रमाणावर झालेले उत्तर ग्रेटफुल डेडच्या रसिकांनी दिले आहे असे माझ्या ध्यानात आले आणि मी त्या वाटेने गेलो. बार्टन हॉलची फीत हे त्या उत्तराचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

तबकडीत न मावणारा बँड

ग्रेटफुल डेड हा बँड १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे जमला. गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया, दुसरा गिटारवादक बॉब वीअर, बेसवर फिल लेश, ड्रम्सवर बिल क्रॉइट्समन आणि ऑर्गन वाजवून ब्लूज गाणारा रॉन मॅकर्नन हे पहिले पाच जण. १९६७ मध्ये मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक त्यांना येऊन मिळाला. गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी वारला आणि त्या नावाचा बँड थांबला. तीस वर्षांत त्यांनी तेवीसशेच्या वर कार्यक्रम केले.

त्यांच्या तबकड्या निघत होत्या, पण रसिकांचा जीव त्या तबकड्यांत नव्हता. हा बँड एका कार्यक्रमाची यादी दुसऱ्या रात्री तशीच वाजवत नसे. गाण्याचा मुखडा आणि कडवी ठरलेली, पण मधली जागा मोकळी. त्या जागेत कोण कुठे जाईल हे आधी ठरवलेले नसे. एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता शिरायचे, शिरताना पहिल्याचा रंग अजून उतरलेला नाही आणि दुसऱ्याचा पुरता चढलेला नाही अशा संधिप्रकाशात बराच वेळ रेंगाळायचे, ही त्यांची खासियत. अशा बँडना पुढे ‘जॅम बँड’ हे नाव पडले. आपल्याकडच्या श्रोत्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बंदिश तीच आणि गायकही तोच, तरी कालचा मारवा आजचा नसतो. म्हणूनच मैफलीला पुन्हा पुन्हा जायचे असते.

आपल्याकडे तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८ गतीच्या तबकडीने ख्यालाचे जे केले, तेच वीस-बावीस मिनिटांच्या एलपीच्या बाजूने या बँडचे केले. १९६९ मध्ये ‘लाइव्ह/डेड’ आणि १९७२ मध्ये ‘युरोप ७२’ हे प्रत्यक्ष कार्यक्रमांचे अल्बम निघाले आणि त्यांनी भूक भागवण्याऐवजी वाढवलीच. ज्याने एका शहरातला कार्यक्रम ऐकला त्याला कालच्या शहरात काय झाले ते ऐकायचे होते, आणि ते कंपनी देणार नव्हती.

‘विकायची नाही’

टेप करण्याची सवय आधी बँडच्या घरातच लागली. त्यांचा ध्वनितंत्रज्ञ ऑउझ्ली स्टॅन्ली आपली ध्वनियोजना कशी बसली ते पडताळण्यासाठी रोजचा कार्यक्रम मुद्रित करी. त्या फितींना तो ध्वनीची रोजनिशी म्हणे. वादकही त्या ऐकत आणि आपले कुठे चुकले ते पाहत.

श्रोत्यांपैकी काही जण १९७० च्या आसपास कोटात किंवा पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून आणू लागले. प्रारंभी बँडच्या कामगारांनी काहींच्या तारा तोडल्या, फिती काढून घेतल्या. पण वादकांनी हा विषय कधी फार ताणला नाही. आपले वाजवून झाले की ते ऐकणाऱ्यांनी न्यावे, असा गार्सियाचा एकूण कल होता. १९७१ च्या अल्बमवर बँडने आपल्या चाहत्यांना एकत्र येण्याचे आवाहन छापले आणि पत्ते मागवले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या लेस किप्पेलने फितींच्या विनामूल्य देवघेवीचा एक क्लब काढला. १९७४ मध्ये त्यातूनच ‘डेड रेलिक्स’ हे नियतकालिक निघाले. ते पुढे ‘रेलिक्स’ या नावाने चालू राहिले.

या देवघेवीचा एकच कडक नियम होता : विकायची नाही. ज्याच्याकडे बदल्यात द्यायला काही नाही त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीची टपाल तिकिटे पाठवायची, देणाऱ्याने त्यांवर कार्यक्रम उतरवून परत धाडायचा. पैसे घेणारा माणूस या मंडळींच्या नजरेतून उतरे. चोरून तबकड्या छापून विकणारा एक बाजार त्या काळी होताच. फुकट वाटणे हेच त्याच्यावरचे औषध आहे, असे हे लोक मानत.

यामागचे कष्ट आज ध्यानात येत नाहीत. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला दोन डेक जोडून नव्वद मिनिटे बसावे लागे. अडीच तासांहून मोठ्या कार्यक्रमाला दोन कॅसेट लागत. पंचेचाळिसाव्या मिनिटाला बाजू संपे आणि ऐन रंगात आलेले गाणे मध्येच तुटे. प्रत्येक पिढीगणिक फितीतली खरखर वाढे, वरचे स्वर झिजत. त्यामुळे ‘ही कितव्या पिढीची?’ हा पहिला प्रश्न असे, आणि मूळ फितीच्या जवळची प्रत असणाऱ्याला समाजात मान असे. डब्यातल्या कागदावर तारीख, गाव, सभागृह आणि गाण्यांचा क्रम बारीक अक्षरात लिहिलेला असे. ग्रंथालयशास्त्राचा गंध नसलेली हजारो मुले अशा तऱ्हेने नकळत सूचिकार झाली.

ऑक्टोबर १९८४ मध्ये बँडने टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात स्वतंत्र जागा नेमून दिली आणि तिची तिकिटेही वेगळी ठेवली. कारण अगदी व्यवहारी होते. उंच दांड्यांवरच्या मायक्रोफोनचे जंगल इतके माजले होते की ध्वनितंत्रज्ञाला आणि मागच्या श्रोत्यांना रंगमंच नीट दिसेना. चोरी म्हणून सुरू झालेली गोष्ट चौदा वर्षांत तिकीट लावून मान्य झाली.

८ मे १९७७

इथाका हे न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या डोंगराळ भागातले छोटे गाव. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल ही पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी कवायतीसाठी उभी केलेली प्रचंड दगडी इमारत. तो दिवस रविवारचा, अमेरिकेतल्या मातृदिनाचा. मे महिना असूनही रात्री श्रोते बाहेर पडले तेव्हा बर्फ पडत होते, ही आठवण त्या रात्रीच्या अनेकांनी सांगितली आहे.

बँडच्या दृष्टीने हा काळ पुनरागमनाचा होता. १९७४ मध्ये त्यांनी ध्वनिक्षेपकांची एक अवाढव्य भिंत उभारली होती. ती गावोगाव नेताना माणसे आणि पैसा दोन्ही खचले, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांनी कार्यक्रम थांबवले. १९७६ च्या जूनमध्ये ते परतले. १९७७ च्या आरंभी ‘टेरापिन स्टेशन’ या अल्बमसाठी कीथ ओल्सन हा निर्माता त्यांच्याकडून कसून तालीम करून घेत होता. मुक्त भटकण्याची सवय असलेल्या या मंडळींना एकत्र थांबण्याची आणि एकत्र निघण्याची शिस्त लागली. २२ एप्रिलला फिलाडेल्फियात सुरू झालेला आणि २८ मेला हार्टफर्डमध्ये संपलेला दौरा या तालमीच्या जोरावरचा आहे. कीबोर्डवर कीथ गॉडशॉ आणि गायनात डॉना जीन गॉडशॉ हे दांपत्य होते. गार्सिया चौतीस वर्षांचा होता.

पहिल्या भागात ब्लूज, कंट्री आणि त्यांची स्वतःची कथागीते आहेत. तो ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ या जुन्या लोकप्रिय गाण्याच्या लांबलचक, नाचऱ्या विस्ताराने संपतो. दुसरा भाग सुरू होण्याआधी वादक गमतीगमतीत श्रोत्यांना पाऊलभर मागे सरायला सांगतात, कारण पुढच्या रांगेतले लोक रेटारेटीत चेंगरत होते. तो संवादही फितीवर आहे.

मग ‘स्कार्लेट बिगोनियाज’ सुरू होते आणि त्यातून ‘फायर ऑन द माउंटन’ निघते. ही जोडी पहिल्यांदा वाजली होती १८ मार्चला, म्हणजे जेमतेम सात आठवड्यांपूर्वी. दुसरे गाणे तर अजून कोणत्याच तबकडीवर नव्हते, ते पुढच्या वर्षी आले. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांहून जास्त वेळ चालतात. ‘फायर’ केवळ दोन कॉर्डवर उभे आहे. एवढ्या कमी सामग्रीवर गार्सिया कडव्यांच्या मधल्या जागा भरत जातो आणि प्रत्येक वेळी थोडा वरच्या पायरीवर चढून परततो. आपल्याकडे याला बढत म्हणतात. त्यानंतरचे ‘एस्टिमेटेड प्रॉफेट’ सात मात्रांचे आहे. रूपकाची सवय असलेल्या हाताला त्याची सम शोधावी लागत नाही. शेवटाकडे ‘सेंट स्टीफन’ आणि ‘नॉट फेड अवे’ एकमेकांत गुंफून येतात. त्यांतून उतरते ‘मॉर्निंग ड्यू’. हे गाणे कॅनडाच्या बॉनी डॉब्सनने १९६१ मध्ये रचले. अणुयुद्धानंतर उरलेल्या दोघांचे ते बोलणे आहे. बार्टन हॉलमध्ये ते सुमारे चौदा मिनिटे चालते. मध्ये इतके हळू होते की थांबेल असे वाटावे, आणि तिथून गार्सियाची गिटार वेग आणि जोर वाढवत जाते ती पार टोकापर्यंत.

‘फायर’चे मुंबईतले मूळ

या ‘फायर’चा एक धागा थेट मुंबईला येतो. मिकी हार्ट १९६७ पासून उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकत होता. उस्ताद अली अकबर खाँ यांचे संगीत महाविद्यालय सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सान राफाएल येथे होते, आणि बँडचा मुक्कामही त्याच परिसरात असे. माहीममध्ये वाढलेले तरुण झाकिर हुसेन तिथे शिकवायला आले. त्यांच्या तालवाद्यवृंदातून ‘डिगा ऱ्हिदम बँड’ उभा राहिला आणि १९७६ मध्ये त्याचा ‘डिगा’ हा अल्बम निघाला. त्यातल्या ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ या वाद्यरचनेत गार्सियाने गिटार वाजवली. रॉबर्ट हंटरचे शब्द घेऊन तीच रचना ‘फायर ऑन द माउंटन’ झाली. बार्टन हॉलमध्ये ज्या गाण्याने लोक वेडे झाले, त्याच्या तळाशी तबल्याच्या तालमीतून निघालेली लय आहे. डेडच्या ताल-प्रयोगांविषयी लिहिताना ‘भारतीय प्रभाव’ असे मोघम बोलले जाते. इथे मात्र प्रभाव नावागावानिशी दाखवता येतो.

बेटीच्या फिती

आता ज्यांच्यामुळे हे सारे ऐकता येते त्या बाईंकडे वळू. बेटी कँटर-जॅक्सन साठच्या दशकाच्या अखेरीपासून बँडच्या ध्वनिमुद्रणाचे काम पाहत होत्या. रॉकच्या जगात तंत्राच्या बाजूला स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच, तेव्हाची ही गोष्ट. १९७७ च्या दौऱ्यात त्या नाग्रा या स्विस बनावटीच्या स्पूल यंत्रावर टेप करत होत्या. सभागृहासाठी ध्वनीची मांडणी वेगळी असते. तीच जशीच्या तशी टेपवर घेतली तर गाणारे आवाज मोठे आणि वाद्ये दूर गेलेली अशी लंगडी फीत मिळते. बेटी टेपसाठी आपले स्वतंत्र मिश्रण करत. म्हणून त्यांच्या फितीत लेशच्या बेसचा प्रत्येक ठोका, दोन ड्रमवादकांमधले अंतर आणि वीअरची बारीक, तिरकी गिटार स्वच्छ ऐकू येते. रसिकांनी या फितींना ‘बेटी बोर्ड्स’ असे आदराचे नाव दिले.

बँडपासून दूर झाल्यावर बेटींवर वाईट दिवस आले. त्यांचे सामान भाड्याच्या कोठारात होते. भाडे थकले आणि १९८६ मध्ये कोठारातल्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात सुमारे हजारभर स्पूल होती. ती वेगवेगळ्या लोकांनी घेतली. काही फितींच्या प्रती लवकरच बाहेर आल्या आणि टेप जमवणाऱ्यांत खळबळ उडाली. काही मात्र नीट निगा नसलेल्या जागी वर्षानुवर्षे पडून राहिल्या आणि त्यांना बुरशी लागली. पुढे जाणत्या चाहत्यांनी आणि तंत्रज्ञांनी एकेक फीत साफ करून, वाळवून वाचवली. शेवटचा मोठा साठा बँडच्या संग्रहात परत आल्यावर, चाळीस वर्षे पूर्ण होताना, मे २०१७ मध्ये ‘कॉर्नेल ५/८/७७’ अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. त्याच वेळी न्यू हेवन, बॉस्टन, कॉर्नेल आणि बफेलो या चार कार्यक्रमांचा संचही निघाला. पीटर कॉनर्स यांचे या एका रात्रीवरचे पुस्तकही त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढले.

म्हणजे घटनाक्रम असा : अधिकृत मूळ फीत भटकत होती, भिजत होती, बेवारस होती. तिच्या अनधिकृत प्रती मात्र लाखो कपाटांत सुखरूप होत्या. अभिलेखागाराला जमले नाही ते विखुरलेल्या उत्साहाने केले.

सर्वोत्तम मैफल, की सर्वोत्तम फीत?

या उत्साहाकडे इतिहासकाराने जरा संशयानेही पाहायला हवे. ‘बँडचा आजवरचा सर्वोत्तम कार्यक्रम’ ही बार्टन हॉलची ख्याती. १९८७ पासून निघू लागलेल्या ‘डेडबेस’ या कार्यक्रमसूचीच्या वाचकांच्या कौलांत तो वरच्या स्थानी असे. पण जुन्या जाणत्यांत यावर आजही भांडणे होतात. कोणी दुसऱ्याच दिवशीचा बफेलोचा कार्यक्रम सरस मानतो, कोणी २७ ऑगस्ट १९७२ चा ऑरेगनमधला, कोणी २ मे १९७० चा हार्पर कॉलेजचा. लायब्ररी ऑफ काँग्रेसची टिपणी या बाबतीत फार सावध आहे. ती या फितीच्या कीर्तीची तीन कारणे देते : उत्तम ध्वनी, ती लोकांच्या हाती लवकर पडली ही गोष्ट, आणि वादन. त्यांतली पहिली दोन संगीताची नाहीत, ती फितीची आहेत.

यातून एक चक्र तयार झाले. फीत चांगली आणि सहज मिळणारी, म्हणून नव्या माणसाला पहिली भेट हीच दिली जाई. ज्याचा कान या फितीवर घडला, त्याला पुढचे सगळे हिच्याशी ताडून पाहण्याची सवय लागली. मग कौल घेतला की हीच वर येई, आणि वर आली म्हणून आणखी लोक मागत. तेवीसशेपैकी ज्या रात्री बेटी नव्हत्या, ज्या रात्री यंत्र बिघडले किंवा मायक्रोफोनसमोर कोणी बडबडत राहिले, त्या रात्री स्पर्धेत उतरल्याच नाहीत. आपण ज्याला परंपरेचे शिखर म्हणतो ते पुष्कळदा जपणुकीचे शिखर असते.

मी एक साधा प्रयोग केला. त्याच रात्रीची श्रोत्यांमधून टेप केलेली फीत आणि बेटींचे मुद्रण पाठोपाठ ऐकले. बेटींच्या फितीत सभागृह जवळजवळ नाहीच. वादक आपल्यासमोर हातभर अंतरावर आहेत. श्रोत्यांतल्या फितीत दगडी भिंतींचा घुमारा आहे, गिटार थोडी पसरट आहे, पण ‘फायर’ सुरू होताना उठणारा कल्लोळ आणि ‘मॉर्निंग ड्यू’च्या मध्यावर इतक्या मोठ्या गर्दीचे गप्प होणे आहे. एक फीत काय वाजले ते सांगते, दुसरी काय ऐकले गेले ते सांगते. इतिहासाला दोन्ही हव्यात. आणि दोन्ही ऐकल्यावर माझे मत असे झाले की कीर्ती फितीने वाढवली हे खरे, पण तिने ती शून्यातून निर्माण केली नाही. त्या गप्प होण्याला ध्वनियंत्रणेची मदत नव्हती.

कोणाचे?

या बँडचा एक गीतकार जॉन पेरी बार्लो याने १९९४ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात एक गाजलेला लेख लिहिला. टेप करू दिल्याने आमचे नुकसान न होता कार्यक्रमांची मागणी वाढली, हे उदाहरण देऊन त्याने डिजिटल युगातल्या मालकी हक्काच्या कल्पनेवरच प्रश्न उपस्थित केला. पण ही गोष्ट इतकी गोडही नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या सार्वजनिक डिजिटल संग्रहातून डेडचे कार्यक्रम उतरवून घेण्याची सोय बंद झाली. चाहते खवळले. अनेकांनी बहिष्काराची भाषा केली. काही दिवसांतच तडजोड झाली : श्रोत्यांनी टेप केलेले कार्यक्रम कोणीही उतरवून घ्यावेत, ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेले फक्त ऐकावेत. ही तडजोड मला फार अर्थपूर्ण वाटते. सभागृहाच्या हवेतून जे टिपले ते श्रोत्याचे, तारेतून जे घेतले ते वादकांचे. कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नसलेली ही सीमारेषा तीस वर्षांच्या सहवासातून आखली गेली.

आपल्याकडे अशी रेषा आखली गेली नाही. रेडिओवरून घरी उतरवलेल्या सभा, वाड्यातल्या बैठकी, मंडळांचे वार्षिक कार्यक्रम यांच्या फिती महाराष्ट्रात आणि गोव्यात घरोघरी आहेत. पण आपल्या देवघेवीचा नियम ‘विकायची नाही’ हा नव्हता, तो ‘कोणाला द्यायची नाही’ हा होता. फीत ही प्रतिष्ठेची वस्तू. ती दाखवायची, ऐकवायची, पण हाती द्यायची नाही. याला कलावंताची बाजूही आहे. घराण्याची चीज बाहेर जाऊ नये, एखाद्या दिवशीचा बसलेला आवाज कायमचा राहू नये, पोटावर पाय येऊ नये, ही भीती खोटी नव्हती.

या बाबतीत १९७७ या वर्षाने एक चमत्कारिक योग जुळवला. बार्टन हॉलमध्ये ग्रेटफुल डेड वाजवत होते, त्याच वसंतात त्याच कॉर्नेल विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची समिती व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीसाठी पृथ्वीवरचे संगीत निवडत होती. त्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी निवडली गेली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन्ही याने निघाली आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या. आपले गाणे मुद्रित होऊ देण्याबाबत त्या विलक्षण कडक होत्या. म्हणून त्यांच्या तासन् तासांच्या मैफलींतून आपल्या वाट्याला तबकड्यांची थोडकी मिनिटे आली आहेत. त्यांतली साडेतीन मिनिटे आंतरतारकीय अवकाशात गेली.

केसरबाईंचा नकार हा त्यांचा अधिकार होता. पण ज्यांनी नकार दिला नाही, त्यांच्या फितींचे काय झाले? माझ्या नोंदवहीत अशी घरे आहेत जिथे वडिलांनी चाळीस वर्षे जमवलेली स्पूल माळ्यावर आहेत. ती वाजवायचे यंत्र घरात नाही आणि डब्यावरची शाई पुसत चालली आहे. एका घरी डबा उघडला तेव्हा फीत एकसंध वडी झालेली होती. त्यावर कोण गायले होते हे सांगणारे आता कोणी नाही, आणि दुसऱ्या कोणाकडे तिची प्रतही नाही, कारण ती कधी कोणाला दिलीच नव्हती.

बार्टन हॉलची मूळ फीतही बुरशीच्या वाटेवर होती. तिच्यातली रात्र वाचली ती एका नियमामुळे : ज्याच्याकडे आहे त्याने मागणाऱ्याला करून द्यायची आणि पैसे घ्यायचे नाहीत. त्या नियमाला संस्था, अनुदान किंवा हवाबंद कोठार लागले नाही. दोन डेक, एक कोरी कॅसेट आणि नव्वद मिनिटांचा वेळ एवढेच लागले. आज तर तेवढेही लागत नाही. आपल्या माळ्यांवर अजून ज्या फिती वाजू शकतात, त्यांच्यासाठी हा नियम लागू करायला किती वर्षे उरली आहेत, याचा हिशेब पुढच्या पावसाळ्यापूर्वी केलेला बरा.